शांतता, कर वेगळा

गेल्या मार्चमध्ये ऑफिसने मला शांतता बक्षीस दिली. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ एक व्हाउचर मेलवर आलं. एका पंचतारांकित हॉटेलात एका व्यक्तीसाठी नव्वद मिनिटांचा मसाज, मग स्टीम, आणि त्यानंतर ‘क्वाएट लाउंज’मध्ये हवा तेवढा वेळ. त्याआधीचे तीन महिने आम्ही रात्री साडेअकराला कॉल घेत होतो. रविवारी घेत होतो. एक कॉल तर मी मावशीच्या बाराव्याला जिन्यात उभी राहून घेतला होता. या सगळ्यावर उतारा म्हणून ही नव्वद मिनिटं. कॉल कमी करणं महाग पडलं असतं. व्हाउचर स्वस्तात पडलं.

पत्ता वाचला आणि हसूच आलं. हॉटेल गिरणगावात, आमच्या चाळीपासून चालत बारा मिनिटांवर. ते जिथे उभं आहे तिथे पूर्वी एका मिलचं आवार होतं आणि त्या मिलच्या साचेखात्यात माझ्या आजोबांनी एकतीस वर्षं काढली. आजोबांचे कान तिथेच गेले.

साचेखातं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. मीही पाहिलेलं नाही. ऐकलंय, तेही ज्यांना नीट ऐकू येत नव्हतं त्यांच्याकडून. एका छपराखाली शेकडो माग, प्रत्येकात धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत जाणारा. अशा खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आठ तास ऐकायची मर्यादा आपल्या कारखान्यांच्या नियमांत नव्वद डेसिबल धरलेली आहे आणि दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे हे ‘थोडंसं जास्त’ नव्हे. विणकर एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलायचे. तीच सवय घरी यायची. आजोबा पाणी मागताना अंगठा ओठाला लावायचे. आजी काही सांगायला लागली की तिच्या तोंडाकडे एकटक बघायचे. लहानपणी मला वाटायचं, काय प्रेमाने ऐकतात हे!

कुणी विचारलं तर म्हणायचे, “कान मिलमध्येच राहिले.” आवाजामुळे येणारा बहिरेपणा आज कायद्यातल्या नोंदवण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे. आजोबांची नोंद कुणी केली नाही. त्यांना नुकसानभरपाई म्हणून एक रुपया मिळाला नाही. आणि त्यांच्या नातीला त्याच जमिनीवर फुकट शांतता मिळाली, जिची मेन्यूकार्डावरची किंमत होती साडेआठ हजार रुपये, कर वेगळा.

मी गेले. न जायला मी काही संत नाही.

*

आधी प्रामाणिकपणे सांगते, छान वाटलं. दार मागे बंद झालं आणि रस्ता कुणीतरी स्विच दाबून बंद करावा तसा बंद झाला. गालिचावर पावलं वाजेनात. कुठूनतरी पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, तो स्पीकरमधून येतोय हे नंतर कळलं. लेमनग्रासचा वास. गरम टॉवेल. माझे खांदे कानांपासून दोन इंच खाली आले आणि ते इतके दिवस वर होते हे मला तेव्हा समजलं. ज्यांना ही गोष्ट थिल्लर वाटते त्यांनी एकदा चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, खाली मेट्रोचं खोदकाम चालू असताना, वर्षभर झोपून बघावं.

म्हणून माझा राग मसाजवर नाही. थकलेल्या माणसाला शांतता हवीच असते. राग त्या शांततेच्या बनावटीवर आहे. ही हॉटेलं त्यांच्या जाहिरातीत म्हणतात की त्यांनी शहराच्या मधोमध शांततेचं बेट ‘निर्माण’ केलं आहे. निर्माण वगैरे काही होत नाही. आवाज इथून उचलून तिकडे टाकला जातो, एवढंच होतं.

कसं ते बघा. अठ्ठावीस मजले बंद काचांच्या आत थंड ठेवायचे तर चिलर लागतात, कूलिंग टॉवर लागतात, पंप लागतात, वीज गेली की जनरेटर लागतात. रोजच्या शेकडो चादरी आणि टॉवेल धुवायला मोठमोठी ड्रमची मशीनं लागतात. पहाटे चारपासून भाजी, मासे, दूध, बर्फ घेऊन टेम्पो येतात आणि रिव्हर्स घेताना प्रत्येक टेम्पो कोकलतो. यातलं काहीही पुढच्या दारापाशी नसतं. सगळं मागच्या बाजूला. आणि मागच्या बाजूला काय आहे? आमच्या चाळीकडे जाणारी गल्ली, एक महापालिकेची शाळा आणि एक प्रसूतिगृह. आत काचा दुहेरी आहेत. आमच्या खिडक्यांना एकेरी काच आहे, तीही दोन ठिकाणी पुठ्ठ्याची.

बरं, तेच हॉटेल डिसेंबरात संगीतासाठी लॉन भाड्याने देतं. वरच्या मजल्यावर ध्यान, खाली ढोल आणि डीजे. वरच्या पाहुण्याला काही ऐकू येत नाही, कारण काच उत्तम आहे. ऐकू आम्हाला येतं.

मला मसाज देणारी मुलगी मिझोरमची होती. मुंबईतल्या स्पांमध्ये ईशान्येच्या मुली खूप आहेत हे तुम्हीही पाहिलं असेल. ती कुजबुजत बोलत होती. तसा नियमच आहे, त्या मजल्यावर कर्मचाऱ्यांनी मोठ्याने बोलायचं नाही. मी हिंदीत विचारलं, कुठे राहता? म्हणाली, कुर्ल्याला, एका खोलीत पाच जणी. वरून विमानं उतरतात. पहिल्या महिन्यात दर विमानाला दचकून उठायची, आता उठत नाही, पण सकाळी डोकं जड असतं. हे सगळं तिने कुजबुजत सांगितलं. दिवसाचे दहा तास ती शांतता हातांनी मळून दुसऱ्यांना देते आणि घरी जाऊन विमानाखाली झोपते. मी तिला दोनशे रुपये टिप दिली आणि स्वतःला फार उदार समजले.

*

आता जमिनीकडे येऊ, कारण मुंबईत प्रत्येक गोष्ट शेवटी जमिनीवर येते.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही, गिरण्याच संपल्या. मागे उरली ती जमीन, शहराच्या पोटात जवळजवळ 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीसाठी एक सूत्र होतं. त्याचा कलम क्रमांक 58 गिरणगावात अजून काही म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळी जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरिआ यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून तिथे मोकळ्या जागा, घरं आणि रस्ते कसे बसवता येतील याचा आराखडाही दिला.

मग 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन कितीशी असणार? सगळीकडे शेड, गोदामं, बॉयलर. एका वाक्याच्या दुरुस्तीने बागा, मैदानं, घरं आकसून कोपऱ्यात गेली. लोक कोर्टात गेले. उच्च न्यायालयात जिंकले. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. त्यानंतर काय उभं राहिलं ते परळच्या पुलावर उभं राहिलात की दिसतं.

मी हे का सांगतेय? कारण शहरातली फुकट शांतता मोकळ्या जागेत असते. झाडांच्या रांगेत, मैदानाच्या मधोमध, बागेतल्या त्या एका बाकावर जिथून रस्ता दूर वाटतो. मुंबईत माणशी मोकळी जागा एक-सव्वा चौरस मीटर आहे असं सांगतात. म्हणजे एक चटई, तीही एकट्यापुरती. 600 एकरांतल्या 200 एकरांवर जर बागा झाल्या असत्या, तर आज माझ्या ऑफिसला मला व्हाउचर द्यायची गरज पडली असती का, माहीत नाही. पण संध्याकाळी आजोबांना घेऊन बसायला जागा मिळाली असती एवढं नक्की. त्याच्या बदल्यात त्याच जमिनीवर दारामागे, रिसेप्शनमागे, गालिचामागे शांतता आहे आणि तिला ताशी दर आहे. जी गोष्ट सगळ्यांच्या वाट्याला येणार होती ती आधी काढून घेतली, मग पॅकेज करून आपल्यालाच विकली. आणि वर आपण म्हणायचं, थँक यू, सो रिलॅक्सिंग.

*

कायदा काय म्हणतो? कायदा फार गोड बोलतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर ‘शांतता क्षेत्र’, तिथे दिवसा 50 आणि रात्री 40. चाळीस डेसिबल म्हणजे लायब्ररीतली कुजबुज. आमच्या प्रसूतिगृहाबाहेर कुणी मीटर धरावा, मी चहा पाजते.

18 जुलै 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त जगणं हे घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. ‘माझा स्पीकर म्हणजे माझं भाषणस्वातंत्र्य’ हा युक्तिवाद फेटाळला. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर निकाल दिला. सुमैरा अब्दुलाली यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं मीटर घेऊन रस्त्यावर उभे राहून आकडे गोळा करत आले. आणि ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने नियमात दुरुस्ती केली की राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलंही क्षेत्र शांतता क्षेत्र धरलं जाणार नाही. तोवर रुग्णालय असलं की शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरण्याला आधार होता. आता आजारी माणसाच्या शांततेला सरकारी अधिसूचना लागते.

यावर किती लोकांनी आवाज उठवला? फार कमी. इथे माझा मूळ मुद्दा येतो. ज्या लोकांच्या एका फोनने पोलीस स्टेशन हलतं, वॉर्ड ऑफिसर धावतो, संपादक बातमी लावतो, ते लोक काचेआड गेले आहेत. त्यांच्या गाडीच्या काचा बंद आहेत, ऑफिसच्या बंद आहेत, घर चाळिसाव्या मजल्यावर आहे आणि तरी शीण आलाच तर स्पा आहे. गोंगाट त्यांचा प्रश्न उरलेलाच नाही. नळाच्या पाण्याचं आपल्याकडे हेच झालं. ज्यांना तक्रार करता येत होती त्यांनी फिल्टर घेतले, बिसलरीचे कॅन मागवले आणि नळ ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यावर सोडून दिला. सरकारी शाळेचंही तेच. पैसेवाल्याने बाजूला होऊन स्वतःपुरती सोय केली की उरलेल्यांची सोय होण्याची शक्यता कमी होते. शांततेचं हॉटेल म्हणून निरुपद्रवी नाही. त्याचा धंदा बाहेरच्या गोंगाटावर उभा आहे. उद्या रस्ता खरंच शांत झाला तर आतल्या शांततेला साडेआठ हजार कोण देईल?

*

दोन आक्षेप येतील, ते मलाही पडतात.

पहिला, रोजगाराचा. हॉटेलमुळे शेकडो लोकांना काम मिळतं. मिळतं. मिलमुळेही मिळत होतं. आजोबा मिलला कधी शिव्या देत नसत. मिलनेच गावाकडे घर बांधलं, मुलं शिकवली. पण काम दिलं म्हणून कान घ्यायचा हक्क मिळत नाही. आमच्या मजल्यावरचा एक दादा तिथे हाउसकीपिंगला आहे. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या. त्याला विचारलं, तू कधी त्या क्वाएट लाउंजमध्ये बसलास? तो म्हणाला, “ताई, आम्हाला त्या लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवता येत नाही.” रोजगार द्या, आणि मागच्या बाजूच्या जनरेटरवर साउंडप्रूफ कव्हरही घाला. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. चाळीतल्या लोकांनाच गोंगाट आवडतो, गणपतीत डीजे कोण लावतं? आम्हीच लावतो. इथे मला कुणाच्या मागे लपायचं नाही. मिरवणुकीत आमच्या गल्लीतल्या भिंती थरथरतात, ताटं फळीवरून खाली येतात. एका वर्षी आजोबा, ज्यांना जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, छातीवर हात ठेवून म्हणाले होते, “हे आत वाजतंय.” मंडळातल्या पोरांना सांगायला गेले तर उत्तर मिळालं, वर्षातून दहा दिवस आमचे. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं काहीसं पटतंही. ज्यांना वर्षभर शहर फक्त ऐकवतं, त्यांना दहा दिवस शहराला ऐकवायचं असतं. पण तो आवाज हॉटेलच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावर पोचत नाही. तो पोचतो प्रसूतिगृहातल्या बाईपर्यंत, दहावीच्या पोरापर्यंत, शेजारच्या हार्ट पेशंटपर्यंत. आपण ज्यांच्यावर चिडलो आहोत ते काचेआड आहेत आणि आपण वाजवतोय आपल्याच लोकांच्या छातीत. हे मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलायला हवं, फेसबुकवर नाही.

*

तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्या कानात बहुतेक इअरबड्स असतील. माझ्याही होते, हे लिहिताना. नॉइज कॅन्सलिंग, तीन हप्त्यांत घेतलेले. म्हणजे आपण सगळे आपापल्या ऐपतीचं हॉटेल कानात घालून फिरतोय. लोकलमध्ये बघा, अर्धा डबा कान बंद करून उभा आहे. मला ते काढायला सांगायचं नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की आपण कान बंद केले की हॉर्नवाल्याला सांगणारा एक माणूस कमी होतो.

एक गोष्ट सांगते, ती मला फार धीर देते. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. एका बाजूच्या वर्गांत गाडीचा धडधडाट, दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये दाखवून दिलं की गाडीच्या बाजूची मुलं वाचनात मागे पडतात, सहावीपर्यंत जवळपास वर्षभराने. त्यावर काय केलं गेलं? त्या मुलांना हेडफोन दिले नाहीत. रुळांखाली रबराचे पॅड बसवले आणि वर्गांच्या छतांना आवाज शोषणारं आवरण लावलं. काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीने वाचत होती. आवाज जिथे तयार होतो तिथे कमी केला, सार्वजनिक पैशाने, सगळ्यांसाठी. यात कुठेही लेमनग्रास नव्हता.

असं आपल्याकडे होऊच शकत नाही असं नाही. 2020 च्या सुमारास मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलवर मीटर बसवले होते. हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोकांनी व्हिडिओ फॉरवर्ड केला, हसले, विसरले. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं 2024 मध्ये ठरलं आहे. ते खरंच उद्यान होतं की त्याच्या पोटात आणखी काही निघतं, याकडे लक्ष ठेवणं हे माझ्या मते कुठल्याही मेडिटेशन ॲपपेक्षा जास्त उपयोगाचं ‘वेलनेस’ आहे. आणि अभ्यासिका. गिरणगावातली कितीतरी पोरं महापालिकेच्या नाहीतर मंडळाच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा पास झाली. ट्यूबलाइट, बाक, पंखा आणि ‘शांतता राखा’ ही पाटी. शहरातला सगळ्यात स्वस्त क्वाएट लाउंज तोच आहे, आणि तो दुपारी झोपायलाही चालतो. प्रत्येक वॉर्डात अशा दहा मागायला काय हरकत आहे?

या वर्षी पुन्हा एचआरचा मेल आला आहे. ‘तुमच्या वेलनेससाठी काय करता येईल? दोन ओळींत सुचवा.’ सोबत तीन हॉटेलांचे पर्याय. मी तिन्ही सोडून ‘इतर’ वर टिक केलं आणि लिहिलं: रात्री आठनंतर आणि रविवारी कॉल नको. व्हाउचर नको. दुसरी ओळ शिल्लक होती, त्यात लिहिलं: व्हाउचरचे पैसे आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेला द्या, तिथल्या खिडक्यांना काचा नाहीत.

अजून उत्तर आलेलं नाही. काल रात्री सव्वादहाला कॉल होता. तो मी घेतला नाही.